आधी ऑफसाइड की आधी फाऊल?

फुटबॉलचा सामना. फॉरवर्ड ऑफसाइडला उभा आहे, म्हणजे समोरच्यांच्या अर्ध्यात, बॉलच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पुढे. मागून पास आला, तो बॉलकडे धावला आणि कीपरने त्याला गोलसमोरच्या बॉक्समध्ये आडवा केला. आता रेफ्रीने द्यायचं काय? कोल्हापुरात रात्री एखाद्या चहाच्या गाड्यावर हा प्रश्न नुसता टाकून बघा. चहा निवतो, उत्तर काही निघत नाही.

नियमपुस्तकाचं उत्तर तसं सरळ आहे. ऑफसाइडच्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात पाय घातला की गुन्हा. म्हणून रेफ्रीने क्रम बघायचा. गडी बॉल खेळायच्या इराद्याने नुसता निघाला होता आणि बॉलसाठी काही करायच्या आधीच पाडला गेला, तर फाऊल आधीचा, म्हणजे पेनल्टी. तो बॉल खेळायला लागलाच होता किंवा बॅकशी, म्हणजे समोरच्यांच्या बचावातल्या गड्याशी, बॉलसाठी झुंजत होता, तर ऑफसाइड आधीचा, म्हणजे फ्री किक समोरच्यांना. 2017 साली हे नियमात स्पष्ट लिहिलं गेलं, आणि वाद मिटेल असं लिहिणाऱ्यांना वाटलं असावं. पण ‘नुसता निघाला’ आणि ‘खेळायला लागला’ यांच्यात अंतर किती? फार तर अर्धं पाऊल. त्या अर्ध्या पावलावर आमच्याकडे मैत्र्या पणाला लागतात.

आमच्यातल्या लिव्हरपूलवाल्याची दुखरी नस म्हणजे 4 फेब्रुवारी 2018. घरच्या अॅनफिल्डवर टॉटनहॅमविरुद्धचा सामना, आपल्याकडे रविवारी रात्री दहाला सुरू झालेला. टॉटनहॅमच्या वान्यामाने लांबून बॉल असा हाणला होता की लिव्हरपूलवालेही क्षणभर गप्प झाले. 1-1. मग त्यांच्याच डेली अॅलीने केनसाठी बॉल पुढे सोडला. केन ऑफसाइडला. मध्ये लिव्हरपूलचा बॅक लोव्हरन याने पाय घातला, बॉल त्याच्या पायाला जेमतेम चाटून केनकडे गेला आणि लिव्हरपूलचा कीपर कारियुस याने झेप घेऊन केनला पाडलं. शिट्टी. पेनल्टी. आणि मग रेफ्री लाइनमनजवळ गेला. दोघं बोलतायत, बोलतायत, भोवती खेळाडूंचा गराडा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं, ते 2019 मध्ये आलं. जे काही ठरवायचं ते या दोघांनी, डोळ्यांनी पाहिलेल्यावर.

सगळा निकाल एका गोष्टीवर अडला होता: लोव्हरनचा पाय बॉलला लागला का, आणि लागला असेल तर त्याने तो मुद्दाम खेळला का. बॅकने बॉल मुद्दाम खेळला की आधीचा ऑफसाइड पुसला जातो. बॉल नुसताच अंगाला लागून उडाला तर ऑफसाइड कायम. पेनल्टी कायम राहिली, ती केनने मारली आणि कारियुसने अडवली. गंमत म्हणजे एवढ्या रामायणानंतर त्या पेनल्टीवर गोल झालाच नाही. मग लिव्हरपूलच्या सलाहने एकट्याने घुसून 2-1 केलं, आणि अगदी शेवटी लिव्हरपूलचा बॅक व्हॅन डाइक याने टॉटनहॅमच्या लामेलाला मारलेल्या लाथेवर, लाइनमनच्याच सांगण्यावरून, दुसरी पेनल्टी मिळाली. ती केनने घातली. 2-2.

“केन ऑफसाइडला होता न्हवं? मग विषय संपला,” हे आमच्या लिव्हरपूलवाल्या मित्राचं तेव्हाचं म्हणणं. “गाडी सुटल्यावर तिकीट काढून काय उपयोग? आधी ऑफसाइड, पुढचं सगळं रद्द.”

ठीक. आता 17 ऑक्टोबर 2020. गुडिसन पार्क, लिव्हरपूलचा सामना एव्हर्टनविरुद्ध. सामना सुरू होऊन जेमतेम पाच-सहा मिनिटं झालेली. बॉलसाठी गेलेल्या व्हॅन डाइकच्या पायात एव्हर्टनचा कीपर पिकफर्ड असा काही शिरला की टीव्हीसमोर बसलेल्यांनीही आपापले गुडघे धरले. व्हीएआरने तपासलं, तर व्हॅन डाइक ऑफसाइडला. तो बॉल खेळायलाच गेला होता, म्हणजे क्रमाने ऑफसाइड आधीचा. पेनल्टी नाही. पिकफर्डला कार्डसुद्धा नाही. व्हॅन डाइकच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि त्याचा तो हंगाम तिथेच संपला.

“ऑफसाइड असला म्हणून काय झालं? माणसाचा पाय मोडायचा?” हाच मित्र, हाच गाडा. आम्ही त्याला त्याच्या गाडीची आणि तिकिटाची आठवण करून दिली. तो हसला नाही. आणि नाइलाजाने सांगतो, या वेळी तो निम्मा बरोबर होता. ऑफसाइडने पेनल्टी जाते, पण धसमुसळेपणाची शिक्षा जात नाही. खेळ थांबल्यावर कुणी कुणाला लाथ मारली तरी लाल कार्ड देता येतं, मग इथे का नाही? ऑफसाइडची रेघ मोजण्याच्या नादात त्या टॅकलकडे बघायचंच राहिलं, असं माझं मत आहे.

रेघ मोजण्यात मात्र आता कसूर नाही. 2022 च्या कतार वर्ल्ड कपमध्ये छताखाली बसवलेले 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या अंगावरच्या 29 जागा सेकंदाला 50 वेळा टिपत होते, शिवाय बॉलच्या पोटात सेन्सर. पहिल्याच सामन्यात इक्वाडोरच्या व्हॅलेन्सियाचा तिसऱ्या मिनिटाचा गोल या यंत्रणेने ऑफसाइड म्हणून उडवला. काही वेळाने त्याच व्हॅलेन्सियाला कतारच्या कीपरने पाडलं आणि पेनल्टीवर त्याने गोल वसूल केला. गुडघा कुठे होता, खांदा कुठे होता, सगळं कळतं. पण गडी बॉल खेळणार होता की नुसता धावत होता, बॅकने बॉल मुद्दाम मारला की तो त्याच्या पायाला लागला, हे सांगणारा सेन्सर अजून निघालेला नाही. वाद रेघेवरून उठून माणसाच्या मनात जाऊन बसला. आमच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं.

आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर असली भानगड नाही. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या इथल्या संघांच्या सामन्यात लाइनमनचा झेंडा हाच कॅमेरा, आणि त्याच्या पाठीमागे बसलेली पेठ हेच अपील कोर्ट.

पेनल्टी मारताना ऑफसाइड असतो का, हाही नवख्यांचा ठरलेला प्रश्न. मारणारा आणि कीपर सोडून सगळ्यांनी बॉलच्या मागेच थांबायचं असतं, त्यामुळे किक बसते त्या क्षणी कुणी ऑफसाइडला असूच शकत नाही. 2016 मध्ये सेल्टा विगोविरुद्ध बार्सिलोनाच्या मेस्सीने पेनल्टीचा बॉल हळूच बाजूला पुढे ढकलला आणि मागून आलेल्या सुआरेझने तो जाळ्यात मारला, तेव्हा ‘ऑफसाइड, ऑफसाइड’ ओरडणारे आमच्यातही निघाले होते. बॉल पुढे गेला, सुआरेझ मागून आला, सगळं नियमात.

राहता राहिला लोव्हरन. 2022 मध्ये ‘मुद्दाम खेळणं’ म्हणजे काय ते नियमवाल्यांनी पुन्हा फोड करून सांगितलं: बॉल लांबून येताना बॅकला नीट दिसला का, फार जोरात होता का, अंग सावरायला त्याला वेळ मिळाला का. आमच्या मित्राच्या मते आज ती पेनल्टी मिळालीच नसती. मला ते पटत नाही. बॉल त्याला दिसत होता, पाय त्याने मारायलाच उचलला होता, नेम चुकला हा त्याचा दोष. “पण वेळ कुठं होता त्याला?” असं मित्र म्हणाला की लगेच कुणीतरी मोबाइल काढतं. क्लिप हळू करून लावली की लोव्हरनला भरपूर वेळ होता असं दिसतं, नेहमीच्या वेगाने लावली की अजिबात नव्हता. मग कुठल्या वेगाने बघायचं, यावर पुढचा अर्धा तास.