माझे बुटके वर्म बुटके दिसेचनात

एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझ्या वाट्याला आला सी. एलिगन्स, म्हणजे मातीतला सूत्रकृमी (लॅबमध्ये नुसतं वर्म म्हणतात), पूर्ण वाढला तरी जेमतेम १ मिलिमीटर. काम ऐकायला एकदम सोपं, एन२ नावाचा नॉर्मल वाण आणि स्मा-३ जनुक बिघडलेला म्युटंट, दोघांची लांबी मोजायची. म्युटंट बुटका असतो हे आधीच माहितीये, नावच स्मॉलवरनं पडलंय.

पहिली माती खाल्ली ब्लीचिंगमध्ये. सगळे एका वयाचे हवेत म्हणून अंडी भरलेले वर्म ब्लीच आणि कॉस्टिकमध्ये विरघळवतात, अंड्याचं कवच तेवढं तग धरतं. मी मध्येच फोन घेतला, दोनच मिनिटं, परत येऊन बघते तर अंडीपण गायब. दुसऱ्या वेळी जमलं, अंडी रात्रभर बिनअन्नाची ठेवली, पिल्लं निघाली आणि उपाशी असल्यामुळे वाढ न होता तशीच थांबली, सकाळी ई. कोलाय म्हणजे त्यांचं खाणं असलेले जिवाणू लावलेल्या प्लेटवर सोडायची की सगळे एकदम वाढायला लागतात. मला कुठला दम, मी सोडायच्या आधीच मोजले. दोन्ही सारखेच! वाटलं स्ट्रेनच, म्हणजे वाणच, चुकीचा दिलाय कुणीतरी, तसं सीनिअर दादाला बोललेही. तो हसायलाच लागला, "अगं आत्ता कुठे अंड्यातनं निघालेत ते."

तर गंमत अशी की जन्मताना दोघं जवळपास सारखेच असतात, फरक पडत जातो तो पिल्लांच्या वाढीच्या चार टप्प्यांत, म्हणजे लार्व्हा स्टेजेसमध्ये. पेशी कमी म्हणूनही बुटके नाहीत, पेशीच बारक्या राहतात. मज्जापेशींकडून डीबीएल-१ नावाचा सिग्नल निघतो तो त्वचेत पोचतो, तिथे तो पेशीत पुढे न्यायला स्मा-३ लागतं, आणि स्मा-३ नुसतं त्वचेत परत चालू केलं तरी वर्म लांब होतो, बाकी अंगात बंद असलं तरी चालतं. हे मला जाम भारी वाटलं.

मग मे महिन्यात लाईट गेली, २० डिग्रीचा इनक्युबेटर रात्रभर तापला, उष्णतेत हे भराभर वाढतात त्यामुळे सकाळी एन२ वेळेआधीच अंडी घालून मोकळे. पुन्हा पहिल्यापासून. त्यात मोजताना स्थिर राहावेत म्हणून लेव्हामिसोल नावाचं औषध टाकतात त्याने स्नायू आखडून वर्म आखूड होतो, म्हणजे दोन्ही प्लेटना मोजून तेवढाच वेळ द्यायचा, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

शेवटच्या खेपेला स्पिरिट सांडून लेबलं पुसली गेली. पण झाकण उघडून मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि नुसतं बघूनच कळलं कुठली कुठली ते.