रोशिया मोंताना: वाट्याच्या खाणी आणि वरची तळी

रोमानियातल्या अपुसेनी डोंगरात रोशिया मोंताना या सोन्याच्या खाणींच्या गावाला येणारे बरेच जण रोमन बोगदे बघून दोन तासांत परत फिरतात. तसं करू नका. १९४८ साली सरकारीकरण होईपर्यंत इथल्या कुटुंबांनी भागीदारीत छोट्या खाणी चालवल्या. त्यांच्या खुणा गावाच्या वरच्या अंगाला आहेत, त्यासाठी अख्खा दिवस ठेवा.

अल्बा यूलियापर्यंत रेल्वे आहे. पुढे भाड्याची गाडीच घ्या, बसच्या भरवशावर दिवस फुकट जातो. डीएन ७४ या राष्ट्रीय रस्त्याने झ्लात्नावरून अब्रुद गाठा, मग कांपेनीच्या रस्त्याला लागा आणि गुरा रोशिएईला उजवीकडे वळा. सगळं मिळून साधारण दोन तास. पेट्रोल आणि रोख लेउ (रोमानियाचं चलन) अब्रुदलाच घ्या. रोमानिया आता पूर्णपणे शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात) असल्याने शेंगेन व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही.

गावातल्या खाण-संग्रहालयातले रोमन बोगदे मार्गदर्शकाबरोबरच बघायचे असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. खाली उतरायला दीडशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि त्याच चढून परत यायचं आहे. उन्हाळ्यातही जाकीट आणि पकड असलेले बूट हवेत. रोमन काम ओळखायला सोपं: बोगद्याचा छेद वर अरुंद, खाली रुंद, भिंतींवर छिन्नीचे बारीक घाव, मधेमधे दिवा ठेवायचे कोनाडे. वेडीवाकडी, ओबडधोबड भिंत दिसली की ते नंतरचं, सुरुंगाच्या दारूचं काम समजा.

इथल्या खाणींत १८व्या-१९व्या शतकात रोमन काळातल्या, मेणावर कोरून लिहायच्या पाट्या सापडल्या. इ.स. १६४च्या एका करारात मेमियस नावाचा मजूर ७० दिनारांवर नोव्हेंबरपर्यंत कामाला राहतो. पाणी भरून काम थांबलं तर त्या प्रमाणात मजुरी कापायची, अशी अटही त्यात आहे! १६७च्या पाटीत एक मंडळ मोडल्याची नोंद आहे: सभासद ५४, उरले १७. भागीदारी आणि तिची भांडणं इथे जुनीच.

आता वर चढा. तऊल मारे, तऊल ब्राझी ही तळी नैसर्गिक नाहीत. मातीचे बांध घालून अडवलेलं पाणी आहे ते. ओढ्याचं पाणी वर्षभर पुरत नसे, म्हणून साठवून लागेल तसं सोडत. खाली त्यावर पाणचक्की फिरे, चक्कीच्या आसावरचे खुंटे लाकडी मुसळं उचलून खनिजावर आपटत. या कांडपयंत्रांना तिथे ‘श्तेआंपुरी’ म्हणतात. खनिज घोड्यांच्या पाठीवर टोपल्यांतून येई. कांडलेला गाळ उतरत्या पाटातून वाहवत, जड कण तळाला अडकत, आणि शेवटी ‘शाइत्रोक’ नावाच्या लाकडी परातीत, आपल्याकडचे झारेकरी धुतात तसंच, धुऊन सोनं वेगळं काढत. थंडीत पाणी गोठलं की मुसळं बंद. हिस्सेदार खर्चाचा वाटा उचलत, सोन्यातही वाटा घेत. खाणीला सोन्याची शीर लागली नाही तर खर्च तेवढा अंगावर.

संग्रहालयाच्या आवारातली मुसळं आधी नीट बघून घ्या, मग वर बांधांची जागा तिथेच का निवडली ते कळतं. आमच्या मते तळ्यांची ही चढण बोगद्यांपेक्षा जास्त शिकवते.

गवतात लपलेली खाणतोंडं बरीच आहेत. आत डोकावू नका: आधाराची लाकडं कुजलेली असतात, आतली हवाही खराब असू शकते. चेताते डोंगरावर २००६मध्ये बंद पडलेली सरकारी उघडी खाण आहे. तिच्या काठाजवळ उभं राहू नका, कडा ढासळते. खालचा ओढा तांबडा दिसतो, कारण दगडातलं गंधकयुक्त लोखंड हवा-पाण्याशी भेटून आम्ल तयार होतं. ते पाणी गाळूनही पिऊ नका, बाटल्या गावातून भरून न्या.

२०२१पासून हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे, सोबत ‘धोक्यात’ हा शेराही. एक दिवस हाताशी असेल तर त्याच डीएन ७४वर अब्रुदच्या पलीकडे ब्राद आहे. तिथल्या सोन्याच्या संग्रहालयात पानांसारखं, तारांसारखं उगवलेलं अस्सल सोनं बघायला मिळतं.