युद्ध तिकडं, डबक्या इकडं

जून 2025 ची गोष्ट. मृग लागून गेला होता, पाणी काही मनासारखं येत नव्हतं, आणि 13 तारखेला इस्रायलनं इराणवर हल्ला केला. पानठेल्यावर मोबाईलमध्ये बातम्या पाहून आमचे काकाजी जे घाबरले ते दोन डबक्या गाडीला लटकवून सरळ पेट्रोल पंपावर. तिथं डबकीत देत नाहीत, पण नोजलवरचा पोट्टा ओळखीचा निघाला. घरी आले आन मला विचारते, "तिकडं भांडून रायले ते, आपलं पेट्रोल काऊन वाढते बाप्पा?"

म्हणलं काकाजी, आपल्याला लागणारं कच्चं तेल शंभरातलं 85 च्या वर बाहेरून येते, आणि इराणच्या दारात होर्मुझची सामुद्रधुनी आहे, जगाच्या तेलाचा पाचवा हिस्सा तिथून जातो, ती बंद होईन अशी नुसती आवई उठली तरी बाजार चढते. चढलाच. ब्रेंट, म्हणजे ज्याच्यावरून जगात कच्च्या तेलाचा भाव धरतात ते तेल, बॅरलला 70 डॉलरच्या खाली होतं ते 80 च्या जवळ गेलं, 12 दिवसांत युद्ध थांबलं, परत 70 च्या खाली. आन आपल्या पंपावर? एक पैसा इकडचा तिकडं नाही. काकाजींच्या डबक्या गोठ्यात तशाच.

मग मी हिशोब करत बसलो. एका बॅरलमध्ये 159 लिटर. तेव्हाचा भाव बॅरल 70 डॉलर, डॉलर 86 रुपये धरा, म्हणजे लिटरमागं कच्चं तेल पडत होतं 38 रुपयाला, आणि आपण देत होतो शंभरच्या वर. मधात रिफायनरी, टँकरचं भाडं, पंपवाल्याचं कमिशन हे आहेच, पण मोठा घास टॅक्सचा, केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट.

कोरोनात तर हद्दच. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत तेलाचा वायदा, म्हणजे पुढं माल उचलायचा आजच केलेला सौदा, बॅरलला उणे 37 डॉलरवर गेला, म्हणजे तेल घेऊन जा आन वरून पैसेही घ्या! आपल्याकडं मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवर 10 अन् डिझेलवर 13 रुपये टॅक्स वाढवला. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत येत नाही ना, तशी ती स्वस्ताई मधातच मुरली.

कागदावर 2017 पासून भाव रोज बदलते. पण 2021 च्या दिवाळीपासून साडेचार महिने भाव हललाच नाही, मधात रशिया युक्रेनमध्ये घुसला, ब्रेंट 139 ला टेकलं, तरी नाही, यूपीसकट पाच राज्यांची इलेक्शन होती, काय ते समजून घ्या. 10 मार्चला निकाल, 22 मार्चपासून 80-80 पैसे करत सोळा दिवसांत 10 रुपये. 2024 च्या लोकसभेच्या तोंडावर 2 रुपये उतरले. म्हणून मी होर्मुझपेक्षा आचारसंहितेवर जास्त नजर ठेवतो.

हो, एक राहिलंच. त्या 12 दिवसांत आमच्या ट्रॅक्टरवाल्यानं पेरणीचा रेट एकरी 100 रुपयानं वाढवला, युद्ध आहे म्हणे. युद्ध थांबल्यावर काकाजी विचारायला गेले, तर म्हणते टायर महाग झाले.