बाद टपाली मतांची फेरपडताळणी : माझा अनुभव

विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून मी टपाली मतपत्रिकांच्या टेबलावर होतो. शेवटच्या फेरीनंतर आमचा उमेदवार इतक्या थोड्या मतांनी मागे होता की बाद टपाली मतांची संख्या त्या फरकाहून जास्त भरत होती. अशा वेळी निकाल जाहीर करण्यापूर्वी बाद टपाली मतपत्रिका पुन्हा तपासणे निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बंधनकारक असते. तरीही मी निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ६३ खाली फेरमोजणीचा लेखी अर्ज कारणांसह लगेच दिला, कारण नमुना २० या निकालपत्रकावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची स्वाक्षरी झाली की असा अर्ज स्वीकारला जात नाही.

बरीच मते लिफाफ्यातच अडकली होती. टपाली मतपत्रिकेसोबत पाठवायच्या घोषणापत्रावर मतदाराची सही नसेल, किंवा त्यावरील मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या लिफाफ्यावरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर तो लिफाफा उघडलाच जात नाही. मतदाराने कोणाला मत दिले हे तिथे कोणालाच कळत नाही, त्यामुळे वादही फारसा होत नाही.

खरा कस लागला तो उघडलेल्या मतपत्रिकांवर. नियम ५४-अ सांगतो की खूण अस्पष्ट आहे किंवा एकापेक्षा अधिक वेळा केली आहे, एवढ्याच कारणाने मत बाद करू नये, मात्र विशिष्ट उमेदवाराला मत देण्याचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे. खुणेच्या जागेमुळे मत कोणाला दिले याबद्दल संशय राहत असेल, तर ते बादच होते. एका मतपत्रिकेवर आमच्या उमेदवारासमोर दोनदा बरोबरची खूण होती आणि पहिल्या तपासणीत ती घाईने बाद झाली होती. ती वैध ठरली. पुढच्याच मतपत्रिकेवरील खुणेची लांब शेपटी खालच्या रकान्यात उतरली होती. ते मत प्रतिस्पर्ध्याचे होते. तिच्यावर हरकत घ्यावी, असे माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने सुचवले. राजस्थानातील नाथद्वारा येथे २००८ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे सी. पी. जोशी अवघ्या एका मताने हरले होते, हे मलाही आठवत होते. पण खुणेचा कोन स्पष्टपणे वरच्याच रकान्यात होता आणि दोन खुणांच्या मतपत्रिकेसाठी मी नुकताच हेतूचा नियम वाचून दाखवला होता, म्हणून मी हरकत घेतली नाही. ते मतही वैध ठरले.

सर्वांत जड गेली ती एक सही. आमच्या उमेदवारासमोर ठळक खूण आणि तिच्याशेजारी मतदाराची पूर्ण स्वाक्षरी. हेतूबद्दल तिळमात्र शंका नव्हती, परंतु मतदाराची ओळख पटवणारी खूण किंवा मजकूर असलेली मतपत्रिका बाद करावीच लागते. घोषणापत्रावर सही करायची असते, तीच बहुधा त्या मतदाराने इथेही केली असावी. मी युक्तिवाद केला नाही. मतपत्रिकेवर सही चालू लागली, तर उद्या कोणीही मतदाराला सही करून मत दाखवायला भाग पाडू शकेल, हे मला पटते. तरीही त्या माणसाचे मत कोणाला होते हे आम्हा सर्वांना दिसले आणि ते मोजले मात्र गेले नाही, याचे वाईट आजही वाटते.

फेरपडताळणीत दोन्ही बाजूंची काही मते परत आली, फरक थोडा बदलला आणि आमचा उमेदवार मागेच राहिला. अर्जावरील सकारण लेखी निर्णयाची प्रत घेतल्यावर मी नमुना २० वर स्वाक्षरी होताना पाहिली.