सायपानचा दातांचा डॉक्टर
आज दुपारपासून कॅप्टन बेन सॅलोमन यांच्याबद्दल वाचतेय, दुसरं काही सुचतच नाहीये. अमेरिकी सैन्यातले दंतवैद्य. १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, मशिनगनमध्ये तरबेज झाले, आणि १९४२ मध्ये डेंटल कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या दंतवैद्यक विभागात, अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर बटालियनचे सर्जन जखमी झाले तेव्हा त्यांची जागा यांनी स्वतःहून घेतली.

७ जुलै १९४४ ची पहाट. हजारो जपानी सैनिक चालून आले. आघाडीच्या जरा मागेच उपचारांचा तंबू, आत जखमींची रीघ. शत्रू कनातीखालून सरपटत आत शिरू लागला. सॅलोमन यांनी त्यांना रोखलं, जखमींना मागे न्यायला सांगितलं आणि स्वतः बाहेर मशिनगनवर बसले. नंतर त्यांचा मृतदेह सापडला, तेव्हा समोर ९८ शत्रुसैनिक पडले होते. वय अवघं २९ हो!

मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं थेट २००२ मध्ये. का, तर वैद्यकीय अधिकाऱ्याने शस्त्र उचललं हा आक्षेप. अहो, जखमींच्या रक्षणासाठी शस्त्र वापरायची मुभा १९२९ च्या जिनिव्हा करारातच होती. मला तर या उशिराचा फार राग आलाय.