हिवाळ्यानंतर कॅम्पर बाहेर काढताना: आधी पाणी, मग बाकी सगळं

गुढीपाडव्याच्या सुमारास जर्मनीत कॅम्परवाल्यांची, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाड्यांच्या मालकांची, लगबग सुरू होते. अनेक कॅम्परना हंगामी नंबरप्लेट असते. तिच्या उजव्या कडेला वर 04 आणि खाली 10 असेल, तर गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच चालवायची. एरवी ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही. म्हणून कित्येक जण एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारात भाड्याने जागा घेतात.

बाहेर काढल्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाण्याचा. टाकी भरली, पंप सुरू केला आणि पाणी थेट गाडीखाली वाहायला लागलं, की पाइप फुटला असं वाटून लोक घाबरतात. बहुतेक वेळा काहीच फुटलेलं नसतं. इथे सर्रास दिसणाऱ्या ट्रूमा कंपनीच्या बॉयलरला एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. तापमान 3 अंशांच्या आसपास आलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं सुमारे 10 लिटर पाणी सोडून देतो, नाहीतर गोठून बॉयलरच फुटेल. पुन्हा बंद करायचा तर व्हॉल्व्हपाशी 7 अंशांच्या वर ऊब लागते. तेव्हा आधी हीटर लावा, जिथे व्हॉल्व्ह आहे त्या सीटखालचं झाकण उघडं ठेवा, ऊब पोचू द्या. मग खुंटी फिरवून बटण दाबा. चिमटा लावून तो जबरदस्तीने बंद ठेवणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. इथे मेच्या मध्यापर्यंत रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो.

पाणी भरलं की गरम पाण्याच्या तोट्या हवा निघेपर्यंत उघड्या ठेवा, मग बंद करा. प्रेशर-पंप (पाण्याचा दाब कमी झाला की आपोआप सुरू होणारा) असेल तर तो आता गप्प व्हायला हवा. दर काही मिनिटांनी गुरगुरत असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी मिक्सर तोटी (एकाच दांड्याने गरम-थंड पाणी देणारी) बघा. हिवाळ्यापूर्वी तिचा दांडा मधोमध उघडा ठेवला नसेल, तर आत उरलेलं पाणी गोठून तिला तडा जातो.

इथलं पाणी बऱ्याच भागांत जड, त्यामुळे क्षार साचतात. ते सायट्रिक ॲसिडने काढायचे, पण थंड पाण्यातच. गरम केलं तर नवीनच पांढरा थर बसतो. मग भरपूर पाण्याने धुवून जंतुनाशक. क्लोरीनचं जंतुनाशक आणि ॲसिड कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

गॅसची रबरी नळी आणि रेग्युलेटर 10 वर्षांनी बदलायचे असतात, तारीख त्यांच्यावरच छापलेली असते. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गॅसची अधिकृत तपासणी दर 2 वर्षांनी होते. शिक्क्यावरची मुदत आत्ताच बघून ठेवा.

टायरवर 1419 असा आकडा असेल तर तो 2019च्या 14व्या आठवड्यातला. कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, त्यामुळे नुसत्या नक्षीवर जाऊ नका, बाजूच्या भिंतीवरच्या बारीक भेगा शोधा. हवा मात्र दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असतानाच भरा.