तुम्ही विचारलंत म्हणून : पोरगा तुमचं ऐकत का नाही?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारून झालाय की कोण कुठल्या सुरात विचारणार तेही आता आधीच कळतं. सोसायटीतले शेजारी पार्किंगमध्ये गाडी पुसता पुसता विचारतात. मेहुणा हसत हसत विचारतो. आमचे मोठे काका विचारत नाहीत, सुनावतात. गेल्या उन्हाळ्यातल्या मुंजीनंतर तर सगळ्यांनी एकदमच विचारलं. मुंजीत झालं एवढंच की काकांनी आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांना फर्मान सोडलं, "जा, त्या ओळीत बसलेल्या सगळ्यांच्या पाया पडून ये." चिरंजीव म्हणाले, "त्यातल्या चौघांना मी ओळखत नाही. कोण आहेत ते सांगा, मग पडतो." पंगत गप्प. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी आपला मठ्ठा घेतला.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न "तो असं का बोलला" हा नाहीच. "तुम्ही गप्प का बसलात" हा आहे. आणि त्याला एक शेपूट असतं : "लहानपणी किती गुणी होता हो!"

होता ना. त्याचंच तर सांगायचंय.

सात वर्षांचा होईपर्यंत आमचं पोरगं एका हाकेत यायचं. मी तीनपर्यंत मोजायचो आणि मला दोनच्या पुढे कधी जावं लागलं नाही. याची मला घमेंड होती, साधी नाही, चांगली चारचौघांत मिरवण्यासारखी. पाहुणे आले की मी प्रयोग करून दाखवायचो. त्याच्या हातात अर्धा खाल्लेला बेसनाचा लाडू असायचा. मी म्हणायचो, "ठेव खाली." तो ठेवायचा. "उचल." उचलायचा. पाहुणे वा वा करायचे. तो माझ्याकडे बघून हसायचा, तोंडाला पीठ लागलेलं. तेव्हा मला वाटायचं, याला म्हणतात वळण. आज तो लाडू आठवला की घशाखाली उतरत नाही.

आता श्रावणातला तो सोमवार. तो दुसरीत होता. आईला कपालेश्वराचं, म्हणजे आपल्या नाशिकच्या रामकुंडावरच्या महादेवाचं, दर्शन घ्यायचं होतं. सिडकोतून निघालो तेव्हा भुरभुर होती, रामकुंडावर पोचेपर्यंत चांगली सर आली. कपालेश्वराच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत, आणि आईचे गुडघेही. तिला धरून वर न्यायला मला दोन्ही हात हवे होते. त्यात तिच्या पायात नव्या मऊ चपला, डॉक्टरांनी सांगून घेतलेल्या, साडेसातशे रुपयांच्या. वर चपला चोरीला जातात अशी तिची खात्री. पोराला रांगेत उभं राहायचा कंटाळा. मग मी तोडगा काढला. खाली घाटावर एका फुलवाल्या मावशींच्या टोपलीशेजारी त्याला उभं केलं, आजीच्या चपला त्याच्या हातात दिल्या आणि म्हणालो, "मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. कोणी काहीही सांगितलं तरी हलायचं नाही. कळलं?"

तो म्हणाला, "हो पप्पा."

"कोणी काहीही सांगितलं तरी" हे मी त्याच्या भल्यासाठीच म्हटलं होतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. गर्दी होती, पोरं पळवण्याच्या अफवा असतात. कुठलाही बाप म्हणाला असता. पण कुठलाही बाप साडेसातशेच्या चपलांपायी सात वर्षांचं पोर घाटावर सोडून गेला असता का, हे मी स्वतःला विचारलंय. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

रांगेला पाऊण तास लागला. मंदिरात आई माझ्या दंडाला धरून उभी, आणि नेहमीप्रमाणे ती कथा सांगू लागली. महादेवासमोर इथे नंदी का नाही, ती. एक वासरू आपल्या आईला म्हणतं, उद्या मालक माझ्या नाकात वेसण घालायला येणार, मी त्याला शिंगावर घेणार. ब्रह्महत्येचं पाप लागेल, पण ते कुठे धुवायचं तेही मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी वासरू तसंच करतं, गोदावरीत डुबकी मारतं आणि शुद्ध होतं. ब्रह्महत्येचंच पाप घेऊन हिंडणारा महादेव हे ऐकतो, वासराच्या मागोमाग जातो, स्नान करतो, सुटतो. मग नंदीला म्हणतो, तू माझा गुरू, तू माझ्यापुढे बसायचं नाहीस. ही कथा मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेन. त्या दिवशीही मी "हं, हं" करत रांग किती सरकली ते बघत होतो.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांत कळलं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला होता. भोंग्यावरून सांगत होते, टपरीवाले सामान उचलत होते. गोदाकाठच्या माणसांना याची सवय असते. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय ते बघून, गुडघ्याला की कमरेला, काय उचलायचं आणि काय राहू द्यायचं ते ते ठरवतात. मावशींनी टोपल्या वरच्या पायरीवर नेल्या आणि पोराला म्हणाल्या, "चल रे बाळा वर, पाणी येतंय." तो हलला नाही. त्यांनी हात धरला. त्यानं हात सोडवून घेतला. त्यांनी उचलायला बघितलं, तर तो त्यांच्या मनगटाला कडाडून चावला आणि "मला नेतायत, मला नेतायत" म्हणून ओरडला. दोनचार माणसं धावली, मावशींनाच दरडावू लागली. त्या म्हणाल्या, ठीक आहे, नाही उचलत. आणि पाण्यात त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, एका हातानं त्याची कॉलर धरून. आपल्या उरलेल्या टोपल्या सोडून.

मी आईला पायऱ्यांवर बसवून खाली आलो तेव्हा हे दृश्य : गढूळ पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत. त्यात झेंडूच्या माळा, द्रोण, एक नारळाची करवंटी गोल गोल फिरतेय. दोन्ही चपला त्यानं छातीशी धरलेल्या, कोरड्या. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"पप्पा, मी हललो नाही."

आणि मी त्याच्या थोबाडीत मारली.

"अक्कल आहे का? पाणी दिसत नाही? बाई सांगतायत ते ऐकता येत नाही?" असं काहीतरी ओरडलो. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "पोरगं आहे का खांब? तुम्हीच बांधून गेलात अन् आता तुम्हीच मारता?" मनगटावर दातांचे ठसे होते, रक्त आलं नव्हतं, पण निळं झालं होतं. मी त्यांना पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. हेही मला बरेच दिवस खुपत होतं. घेतले असते तर बरं झालं असतं, असा माणूस मी.

तो रडला नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर अगदी शांतपणे विचारलं, "मग हलायचं होतं का?"

मी म्हणालो, "झोप."

बायको शिक्षिका आहे. ती माझ्यावर चिडली नाही, तेच जास्त लागलं. तिनं डीएडच्या दिवसांतलं काहीतरी सांगितलं. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं गोट्या खेळणाऱ्या मुलांकडे बघून, त्यांच्याशी बोलून १९३२ साली लिहून ठेवलंय की या वयाच्या मुलांना नियम म्हणजे मोठ्यांकडून आलेली, बदलता न येणारी गोष्ट वाटते. तो चार माणसांनी ठरवलेला असतो आणि चार माणसांना बदलता येतो, हे त्यांना पुढे हळूहळू उमगतं. म्हणजे अक्कल नव्हती असं नाही. होती ती सगळी त्यानं माझा शब्द पाळायला लावली होती.

पण मला समजलं ते पुस्तकातून नाही, शॉपवर. मी अंबडला प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. आमच्या पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, म्हणजे हात डायच्या, साच्याच्या, बाहेरच राहतात. शिवाय मशीन थांबवायचं एक लाल बटण असतं, छत्रीसारखं. ते कोणीही दाबावं. काल लागलेल्या आयटीआयच्या पोरानंसुद्धा, कोणाला न विचारता. त्या श्रावणानंतर महिनाभरात एका अप्रेंटिसनं ते उगाच दाबलं. आवाज वेगळा वाटला म्हणाला. काही नव्हतं. लाइन थांबली, माल रखडला, मी त्याच्या अंगावर जाणार इतक्यात आमचे जुने फोरमन म्हणाले, "साहेब, आज याला झापलंत तर ज्या दिवशी खरंच दाबायचं असेल त्या दिवशी हा आधी तुमचं तोंड आठवेल. तेवढ्यात बोट जातं."

मी त्या दिवशी घरी आलो आणि पोराला सांगितलं, तुझ्याकडेपण लाल बटण आहे. काही चुकतंय असं वाटलं तर "थांबा, का?" असं विचारायचं. कोणालाही. मलाही.

बस. तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर. मुंजीत त्यानं बटण दाबलं. तेव्हा त्याला झापणं मला जमलं नाही.

हे फार छान जमलंय अशी समजूत करून घेऊ नका. पोरगं हुशार आहे, त्याला बटणाची किंमत दोन दिवसांत कळली. आंघोळ कर. का? अभ्यासाला बस. का? दिवाळीच्या सुट्टीत त्यानं सकाळी उठण्यावर बटण दाबलं होतं. त्याला सांगावं लागलं की मशीनवरचं बटण दाबलं की अडकून बसतं, पण गडबड मिटली की ते फिरवून सोडावंही लागतं, नाहीतर कारखाना बंद पडेल. तो म्हणाला, "गडबड मिटली हे कोण ठरवणार?" मी चिडलो. हात उचलला. खाली घेतला. दर वेळी खाली घेतलाय असं म्हणणार नाही.

आणि तुमचंही थोडं खरं आहे. चारचौघांत अपमान झाला काकांचा. ते सत्तरीचे आहेत, त्यांना कारण विचारलेलं सहन होत नाही. त्यांच्या काळी तर कारण हा शब्दच फक्त गणितात असायचा. आपलं गावही तसंच. बापाचा शब्द म्हणून राज्य सोडलेला राम वनवासात राहिला तो इथेच, पंचवटीत. त्या गावात राहून पोराला "का" विचारायला शिकवायचं म्हणजे जरा अवघडच. पण मग त्याच गावात, त्याच रामाच्या नावाच्या कुंडाच्या डोक्यावर, वेसण नाकारणाऱ्या वासराला गुरू करणारा महादेवही आहे. आईला हे एकदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "देवाचं देवापाशी. तू पोराला पाया पडायला शिकव."

रोजच्या रोज काय करतो तेवढं सांगतो, तेही तुम्ही विचारताच. स्वयंपाकघरातून ओरडत नाही, जवळ जाऊन बोलतो. एका वेळी एकच सांगतो. "पळू नको" ऐवजी "भिंतीच्या बाजूनं चाल". टीव्ही बंद करायच्या दहा मिनिटं आधी सांगतो. आणि कुठे थांबायला सांगितलं तर कधी हलायचं तेही सांगतो : पाऊस आला तर दुकानात, मी अर्ध्या तासात नाही आलो तर आईला फोन. यातलं निम्मं कामाच्या ठिकाणी शिकलो, निम्मं बायकोनं शिकवलं. दहातल्या सहा वेळा चालतं. पूर्वी दहातल्या दहा वेळा चालायचं, हे मी विसरलेलो नाही. कधी कधी, संध्याकाळी शिफ्ट करून आल्यावर, मला तो जुना पोरगा हवा असतो. हेही खरं.

आणि कधी कधी मला शंका येते की यात तत्त्वबित्त्व काही नाही. मी फक्त घाबरलोय. त्या पाण्याला, आणि "मी हललो नाही" म्हणतानाच्या त्या चेहऱ्याला. घाबरलेल्या बापानं सोडलेला लगाम, त्याला मी समजूतदारपणा म्हणतोय. बायकोला विचारलं तर ती म्हणते, दोन्ही असेल. तिला अशी उत्तरं सुचतात.

इतकं सगळं कारण सांगणारा मी, पण त्या थपडेबद्दल त्याला कधी सॉरी म्हटलं नव्हतं. मुंजीवरून परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. द्वारका चौकातल्या सिग्नलला थांबलो होतो. म्हटलं, आज म्हणून टाकावं. "रामकुंडावर त्या दिवशी मी तुला मारलं होतं ना," असं सुरू केलं.

तो खिडकीबाहेर बघत होता. त्याला सगळं आठवत होतं. मावशींच्या हाताची चव आठवत होती, खारट आणि झेंडूची. आजीच्या चपला. ती करवंटी, ती तर त्यानं हातानं फिरवून दाखवली.

"पण तुम्ही मारलं होतं?" तो म्हणाला. "मला नाही आठवत."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी पुढे काढली.